चांदीचा डावा पाय

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
१८ जून १९७८

अक्का,

नमस्कार, खुशाली, तुझ्याकडच्या पावसाची चौकशी हे सगळं लिहिलं असं समज आणि थेट माझ्या प्रश्नावर ये. केर्लीच्या पुढं जोतिबाचा चढ लागला की पळताना माझ्या अंगात जे व्हायचं, ते नेमकं काय होतं? मला सांगता येत नाही. घरातली पहिली बी.ए. झाले, पेढे वाटले, तरी सांगता येत नाही. तुला तर येणारच नाही, कारण गगनबावड्याची शेवटची एस.टी. सोडली तर तू जन्मात कशाच्या मागं पळालेली नाहीस.

तरी सांगून बघते. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या फाट्यापर्यंत सगळं नकोसं असतं. पोटात कळ येते, घशात कोरड पडते, बैलगाडीवाले 'कोण मागं लागलंय गं?' म्हणून हसतात, आणि डोकं सारखं म्हणत असतं, फीर मागं. मग केव्हातरी, कधी केर्लीच्या अलीकडं, कधी पलीकडं, ते डोकं गप्प होतं. श्वास आपला आपण चालतो. उसाची पाती, गुऱ्हाळाचा धूर, समोरचा डोंगर, सगळं अंगातून आरपार जात असल्यासारखं वाटतं. आणि असा आनंद होतो, की हसू येतं. मी एकटीच हसत तो चढ चढायचे. वर देवळाच्या कमानीला हात लावायचा आणि मागं वळायचं. तो आनंद दिवसभर पुरायचा. भांडी घासतानासुद्धा.

डिसेंबरात उतरताना वळणावर खडीवरून घसरले आणि चरीत पडले, त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. तू महिनाभर इथंच होतीस. प्लास्टर घालून बाकावर आडवा पाय टाकून मी परीक्षा दिली. आता पाय दुखत नाही. लंगडत नाही. मुलींच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते, जिने चढते, उतरते. पण रविवार उजाडला की मी घरातल्या घरात पिंजऱ्यातल्या पोपटासारखी फिरते, आणि तात्या पेपरातून डोकं वर काढत नाहीत.

एप्रिलमध्ये एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, पळणं कायमचं बंद. तात्यांनी दवाखान्यातून येऊन सांगितलं आणि मी मान डोलावली. पण मला आता ते वाक्य रोज आठवतं. तू तेव्हा परत आली होतीस, त्या दिवशी तात्यांबरोबर गेली होतीस. डॉक्टर कसे म्हणाले, कशामुळं म्हणाले, शब्द न् शब्द लिही. कारण कळलं तर कदाचित मला गप्प बसता येईल.

दाजींना नमस्कार. पोरांना पापा.

तुझी
कालिंदी


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
गगनबावडा
१ जुलै १९७८

चि. कालिंदीस अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र भिजून आलं. हितं माणूसच वाळंना, तर पत्राचं काय घेऊन बसलीस. चुलीवर धरून वाचलं. ह्यांची एस.टी. स्टँडातली नोकरी म्हंजे पावसात उभं राहून 'गाडी येणार हाय' म्हणून लोकांची समजूत घालायची. गाडी येत न्हाय.

कालिंदे, तुला पळून आनंद व्हायचा म्हणतीस. पळून आनंद झाला असता तर सगळी म्हसरं हसत घरला आली असती. मला विचारशील तर दुपारी पोरं शाळेत गेली की भिताडाला टेकून पाय पसरायचं, ह्याच्यावर सुख न्हाय. तू बी करून बघ.

डागतर काय म्हणालं ते तात्यांनी सांगितलंय की. मी भाईर बाकड्यावर बसलोतो, मला काय आयकू आलं न्हाय. मोठी माणसं सांगत्यात ते आपल्या भल्याचं असतंय. पाय वाचला, त्याच्यावर उभी हाईस, नोकरी करतीस, आणखी काय पायजे? आईच्या मनाविरुद्ध काय करू नगंस. तिनं तुझ्यापायी लई सोसलंय.

दुसरं म्हंजे, पेठ वडगावचं एक स्थळ ह्यांनी बघून ठेवलंय. पोरगं कापडाच्या दुकानात हाय, माणसं निवांत हाईत. त्यांना पाय मोडल्याचं सांगितलंय. चालती न्हवं, मग झालं, म्हणाली. रागवू नगंस. नुसतं कानावर घातलं.

तुझी
अक्का


कोल्हापूर
१६ जुलै १९७८

अक्का,

तू बाकड्यावर बसली होतीस आणि तुला ऐकू आलं नाही. तुझा कान असा, की आपल्या गल्लीच्या टोकाला कुणी कुजबुजलं तर तू चुलीपुढून उत्तर द्यायचीस.

शाळेत नोकरीसाठी तब्येतीचा दाखला मागितला, म्हणून शुक्रवारी मी त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून बघितला आणि विचारलं, "काय, सुरू केलं का पळायला?"

मी म्हटलं, "तुम्हीच बंद केलंत ना? कायमचं?"

"मी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी तुमच्या वडिलांना सांगितलं, पावसाळ्यापर्यंत भरपूर चालायचं. मग सपाटीवर हळूहळू पळायला हरकत नाही. उतारावर मस्ती करायची नाही, एवढंच. हाड चांगलं जुळलंय. का, भीती वाटते?"

दाखला घेऊन मी जिन्यात बसले. रडले नाही. मला इतका राग आला होता, की भूक लागली. खाली जाऊन मिसळ खाल्ली, वर कट मागून घेतला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

घरी तात्या सायकलची साखळी पुसत होते. मी विचारलं, "तात्या, डॉक्टर काय म्हणाले होते?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, फडकं खाली ठेवलं, चपला घातल्या आणि तालमीकडं निघून गेले. आपल्या घरातल्या पुरुषाला अवघड प्रश्न विचारला, की त्याला तालमीत काम निघतं. कुस्ती सोडून वीस वर्षं झाली तरी.

आता मला सगळं कळलं. पळणारी पोरगी कापडाच्या दुकानाला चालत नाही. एप्रिलपासून मी सकाळी उठून स्वतःला समजावते, की पाय वाचला हेच खूप, आणि तुम्ही सगळे मिळून माझ्यासाठी एक डॉक्टर बनवून ठेवलात. स्थळ आणायचं तर तोंडावर आणायचं होतं. मी तोंडावर नको म्हटलं असतं. तुमचं माझ्यावर प्रेम आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तर हे जास्त लागलं.

पेठ वडगावला कळव, की मुलगी चालते. आणि ती पळणार आहे.

कालिंदी


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
गगनबावडा
२५ जुलै १९७८

कालिंदे,

आशीर्वाद बिशिर्वाद मागनं. कापडाच्या दुकानासाठी तुझा पाय बांधला म्हणतीस? चार बुकं शिकलीस ती हेच्यासाठी? आईनं सांगू नगं म्हणून शपथ घातलीती. ती मोडतो आता. आयकून घे.

पाय मोडल्यावर जखम चिघळली, तू तापात बडबडत होतीस, तुला काय आठवायचं न्हाय. डागतरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ताप उतरला न्हाय तर गुडघ्याच्या वरनं पाय काढायला लागंल. तात्या भिताडाला धरून उभं राहिलं.  आई उठली ती अनवाणीच दवाखान्यातनं भाईर पडली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागनं. वाटलं देवळात जाती, अंबाबाईला. तर ही पुलावरनं तरातरा निघाली. तू पळायचीस त्याच वाटेनं. सबंद वाट चालत. मी हाका मारतोय, रडतोय, तिनं एकदा मागं बघितलं न्हाय.

वर जोतिबापुढं उभी राहून काय बोलली सांगू? म्हणाली, "दर रविवारी तुझ्या दारात येऊन पाठ फिरवून जायची. दर्शन न्हाय, नमस्कार न्हाय, कमानीला शिवून पळाली. म्हणून राग धरलास. पोरगी हाय, तिला कळलं न्हाय. पाय तेवढा ठेव. चांदीचा पाय घालतो, आणि त्या पायानं ती परत पळायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता तू सांग, बी.ए. बाई, का उतरला? इंजेक्शनानं म्हणशील. मग त्याच्या आदी आठ दिवस देत होती ते काय पाणी होतं?

डागतर पुढं पळा म्हणालं तवा आई तात्यांच्या पाया पडली. ह्या वयात. बाईमाणूस नवऱ्याच्या पाया पडती ते येगळं, हे येगळं. म्हणून तात्या खोटं बोललं, आणि म्हणून तुला तोंड दाखवत न्हाईत. तुला खरं सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. आमच्यासंगं घातलास तर चालतंय, देवासंगं घालशील म्हणून भ्या वाटलं.

आईनं आपल्या लग्नातल्या चांदीच्या तोरड्या पाय घडवायला गुंडू सोनाराकडं दिल्यात. श्रावणातल्या रविवारी पाय वाहायला न्यायचं म्हणती. जा तिच्यासंगं. एवढं आयक, मग मला कायबी लिही.

अक्का


कोल्हापूर
२१ ऑगस्ट १९७८

अक्का,

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस लिहिलं नाही. ताप का उतरला, मला माहीत नाही. खरंच नाही. आई अनवाणी ती सगळी वाट चालली, हे मात्र मला माहीत झालं आहे आणि ते डोक्यातून जात नाही. ती वाट किती लांब आहे ते या घरात माझ्याएवढं कुणाला ठाऊक आहे?

तुझी माफी मागते. कापडाच्या दुकानाचीही मागते. पण बाकीचं मागं घेत नाही.

आईशी बोलले. ती तांदूळ पाखडत होती.

"आई, नवस कुणी बोलला?"

"मी."

"पाय कुणाचे आहेत?"

"माझ्या पोटातनं आल्यात ते."

आता यावर काय बोलणार? तरी बोलले. म्हटलं, "पाय वाहायला मी तुझ्याबरोबर येते. तू बोललीस ते तू फेड. पण मी परत पळणार नाही असं माझ्या तोंडून देवाला सांगणार नाही. खोटं होईल."

"तू नगं सांगू," ती सूप आपटत म्हणाली, "मी सांगून ठेवलंय."

काल गेलो. श्रावणातला रविवार, एस.टी.त पाय ठेवायला जागा नाही, माणसं आतच चांगभलं करतात आणि खिडकीतून गुलाल आत येतो. आई अनवाणीच होती. चांदीचा पाय तिनं रुमालात गुंडाळून पदराच्या आत धरला होता. बोटभर लांबीचा, पण सोनारानं नखंसुद्धा कोरलेली. रांगेत दोन तास उभं राहिलो. माझा नंबर आला तेव्हा गुरवानं तो हातात घेतला, सगळ्यांना दिसावा म्हणून वर धरला, आणि मला दिसलं.

अक्का, तो डावा पाय होता.

मी परत बघितलं. अंगठा, करंगळी, घोट्याची बाजू. डावाच. माझा मोडला उजवा. मला हसू फुटलं. गाभाऱ्यात, देवापुढं, आईच्या शेजारी. आई म्हणाली, "हसायला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "सांग देवाला." मी गप्प राहिले. मागून बायका ढकलायला लागल्या, "चला की वो पावणं, का मुक्काम करताय?" मग आईच हात जोडून म्हणाली, "पळायची न्हाय ती." आणि गुरवानं माझ्या कपाळाला गुलाल फासला.

येताना मी पडले ते वळण आलं, तेव्हा आईनं डोळे मिटून घेतले आणि माझा गुडघा घट्ट धरला. उजवा गुडघा. तिला कोणता पाय मोडला ते चांगलं ठाऊक आहे. मग सोनाराकडं जाऊन डावा का सांगितला? मला कळत नाही. तिला अजून मी काही बोललेले नाही. गुरवाच्या ताटातला तो एवढासा पाय सारखा डोळ्यांपुढं येतो. कधी हसू येतं, कधी रडू.

माझे पळायचे बूट आईनं कुठं ठेवलेत ते मला कालच कळलं. माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागं. काढले, पुसले, परत तिथंच ठेवले.

कालिंदी


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
गगनबावडा
२८ ऑगस्ट १९७८

चि. कालिंदीस भरघोस आशीर्वाद!

पत्र वाचलं आणि मी एवढ्यांदा हसलो की शेजारची ताजबी तवा हातात घेऊन बघायला आली. तिला सांगितलं तर ती बी खाली बसली हसत. ह्यांना सांगितलं. हे म्हणालं, "सोनार बदला." ह्यांना कशातलं काय कळत न्हाय.

डावा का झाला ते मी सांगतो. आई दवाखान्यात कुठं बसायची? खाटंच्या पायथ्याला. तुझ्याकडं तोंड करून. दिवस न् दिवस तिथंच, मांडीवर हात ठेवून, त्या पायाकडं बघत. मी म्हणायचो, हिकडं उशाला ये, वारं हाय. येत न्हवती. तिथनं बघितलं तर मोडका पाय तिच्या डाव्या हाताला यायचा. सोनारापुढं उभी राहिली तवा तीच खाट डोळ्यापुढं आली आसंल, आणि हात करून सांगून आली, ह्या बाजूचा.

आता ध्यान दे. तू बी.ए. आसशील, पण डोकं माझं हाय. नवस काय होता? त्या पायानं पळायची न्हाय. कुठल्या? जो वाहिला त्या. वाहिला कुठला? डावा! म्हंजे डाव्या पायाचा नवस फिटला, उजवा मोकळा! आणि एका पायावर तुला कोण पळ म्हणतंय, दोन्ही मिळून पळशील तवा कुणाच्या वाटणीला काय गेलं देवाला बी कळायचं न्हाय. ताजबी म्हणती, मन्नत ज्यानं मागितली त्यानंच फेडायची असती, दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत न्हाय, त्यांच्यात बी तसंच हाय. पण आईला ते पटायचं न्हाय. हे पटंल. देवानंच चूक करवून वाट काढून दिली म्हणून सांगू.

तू काय बोलू नगंस. मी गौरीला येतो, आईला गोड बोलून गळी उतरवतो. तवर बूट माळ्यावरच असू देत. माझी बहीण परत हसत चढ चढंल. मला आनंद झाला बघ, न पळता.

पेठ वडगावला ह्यांनी न्हाय म्हणून कळवलंय. त्यांना तसंबी घाई होती.

अक्का


कोल्हापूर
५ सप्टेंबर १९७८

अक्का,

तुझी वाट हुशारीची आहे. मी ती घेतली नाही. का, ते सांगते.

तुझं पत्र वाचेपर्यंत मी त्या चुकीला हसत होते. आई पायथ्याशी बसायची हे वाचलं आणि हसू थांबलं. मी तापात होते, मला ते माहीतच नव्हतं. इतके दिवस ती समोर बसून त्या पायाकडं बघत राहिली, म्हणून तिची डावी-उजवी बाजू उलटी झाली. आता त्या चुकीचा मी फायदा घ्यायचा? तिच्या तिथं बसण्याचा फायदा घ्यायचा? तिला गोड बोलून गळी उतरवायचं आणि मग मोकळ्या मनानं पळायचं? माझं मन मोकळं राहणार नाही. मला पळायचं आहे ते पायांचा हिशोब चुकला म्हणून नाही. मला पळायचं आहे म्हणून.

शनिवारी संध्याकाळी आई परसात भांडी घासत होती. मी शेजारी बसून राख लावायला घेतली आणि सांगून टाकलं.

"आई, आपण वाहिला तो पाय डावा होता."

तिचा हात थांबला. तिनं डावा हात पुढं केला, मग उजवा, मग परत डावा. समोर खाट असल्यासारखं बघत राहिली. हळूच म्हणाली, "म्हंजे देवाला चुकीचा पाय गेला?"

"हो. पण उजवा गेला असता तरी मी उद्या पळणार होते. हे तुला आधी सांगायचं होतं."

"मग सांगतीस कशाला? चोरून जायचंस."

"चोरून पळता येत नाही, आई."

"आणि पाय गेला म्हंजे?"

"माझा जाईल. नवस तू मोडला नाहीस, मी मोडला. राग असेल तर माझ्यावर राहील."

"देवाला कुणाचा राग येतो ते तू सांगणार?"

 मी पातेलं घासत राहिले. ती उठली, हात धुतले, आणि दारातून मागं वळून म्हणाली, "तू पळ. मी चहा सोडला."

तुला माहीत आहे आई आणि चहा. सकाळी तिचा कप भरल्याशिवाय आपल्या घरात कुणी तिला हाक मारत नाही. आणि तिनं सोडलेलं ती परत धरत नाही. माझा जन्म व्हावा म्हणून तिनं केळं सोडलं होतं, ते अजून खात नाही. मी म्हटलं, "आई, असं करू नकोस." ती म्हणाली, "तुझे पाय तुझे, माझी जीभ माझी."

रविवारी चांगलं उजाडल्यावर मी बूट घालून घराच्या पुढच्या दारानं निघाले. सगळी गल्ली पाण्याच्या नळावर होती. शेजारची तानाबाई ओरडली, "अगं कालिंदे, पाय नवसाचा हाय की!" मी पण ओरडून म्हटलं, "नवस आईचा, पाय माझा!" घागरी भरायच्या थांबल्या. मी पळत सुटले.

आता खरं ते लिहिते. फार वाईट गेलं. पुलापर्यंतच दम लागला. नडगीत ठणका नव्हता, पण पाय दुसऱ्याचा असल्यासारखा पडत होता. पोटात कळ, घशात कोरड, आणि डोकं सारखं, फीर मागं, फीर मागं. मी वाट बघत होते, की ते आता गप्प होईल. झालं नाही. वडणग्याच्या फाट्याला पोचले तेव्हाही बडबडतच होतं. तिथं मैलाच्या दगडाला धरून उभी राहिले, घाम डोळ्यांत जात होता, आणि एवढ्या महिन्यांपासून ज्याच्यासाठी जीव तळमळत होता ते सुख आसपास कुठं नव्हतं.

परत येताना निम्मी वाट चालले. पुलावर तात्या सायकल टेकवून उभे होते. म्हणाले, "पंचगंगेचं पाणी बघायला आलतो." पाणी कुठं वाढलं होतं? मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "खांदं खाली सोड. पैलवानागत वर धरून पळतीस, दम न्हाय लागायचा तर काय?" आणि सायकलवर बसून पुढं गेले. डॉक्टरांच्या गोष्टीवर आमचं एवढंच बोलणं झालं. मला पुरलं.

घरी दोन कप चहा झाकून ठेवलेला. तात्यांचा आणि माझा. आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

काल सोमवारी तिचं डोकं इतकं दुखलं, की कपाळाला फडकं बांधून पडली. मी पळायला गेले नाही. तिचं डोकं चेपत बसले आणि माझा धीर सुटला. मला वाटलं, कसलं हे सुख, जे येतही नाही आणि आईच्या तोंडचा चहा काढून घेतं? मी कोण मोठी लागून गेले? तुझ्या वाटेनं गेले असते तर आज आई चहा पीत असती आणि मी पळत असते, दोघी खुशीत. दुपारपर्यंत मी बूट तानाबाईच्या भाचीला देऊन टाकायचं ठरवलं होतं. आईला तसं सांगायला तोंड उघडलंही. ती डोळे मिटूनच होती. म्हणाली, "दमलीस काय गं काल?"

मी म्हटलं, "फार."

"मग? झाली हौस?"

तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, अक्का. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि तिला उत्तर देताना माझं मलाच ऐकू आलं. मी म्हटलं, "नाही."

आज सकाळी ती उंबऱ्यात बसली होती, फडकं कपाळाला तसंच. उद्या गणपती, घरभर पसारा. मी बूट हातात घेतले.

"परत?"

"परत."

"किती दिवस?"

"रोज."

"मग मी बी रोज."

"बरं," मी म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हट्टी हाईस."

"लेक कुणाची?"

 ती उंबऱ्यातून थोडी सरकली, मला जायला जागा होईल एवढी. चहा मात्र तिनं घेतला नाही. अजून घेतलेला नाही, आणि घेणार नाही असं मला वाटतं. हे ओझं माझ्या पाठीवर राहणार, आणि ते नाही असं मी कधी म्हणणार नाही.

तू गौरीला ये. येताना आईसाठी तिकडची सुंठ आण, डोक्याला लावायला. पण तिची समजूत घालू नकोस, आणि माझीही नको. मला काही सोडायला सांगशील तर उशीर झाला आहे. हे पत्र लिहायला बसायच्या आधी मी फाट्याच्या पुढं, उसाचं पहिलं शेत लागतं तिथपर्यंत जाऊन आले. सुख आजही आलं नाही. मी जाऊन आले.

तुझी
कालिंदी